बी.एस्सी. फिजिक्ससोबत काय घ्यावं : तत्त्वज्ञान परिचय की धर्म परिचय? (बडोदा)

विश्वामित्री

नमस्कार मंडळी. लेकीने यंदा इथे बडोद्यातच बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंय. नव्या धोरणामुळे मुख्य विषयाबाहेरचेही पेपर घ्यावे लागतात. कॉलेजच्या यादीत 'तत्त्वज्ञान परिचय' आणि 'जगातील धर्म : परिचय' असे दोन आहेत, बाकी सगळे कॉम्प्युटर आणि मार्केटिंगकडचे. तिचं म्हणणं, या दोनांपैकीच एक घेणार.

घरात त्यावरून रोज चर्चा. सासरे म्हणतात धर्माचा घे, चार चांगल्या गोष्टी कानावर पडतील. नवरा म्हणतो फिजिक्स-मॅथ्सचं ओझं काय कमी आहे, त्यापेक्षा पायथन शीक. मी बी.कॉम. झालेली. या दोन्ही पेपरांत नेमकं शिकवतात काय, हेच मला माहीत नाही, तर तिला सांगू काय? फिजिक्सला त्याचा उपयोग होतो का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. फॉर्म भरायला आठवडाभर आहे.

खंड्या

ताई, पहिलं वर्ष फिजिक्सवाल्यांना जड जातं. कॅल्क्युलस, मेकॅनिक्स, जर्नल, प्रॅक्टिकल, सगळं एकदम अंगावर येतं. बाहेरचा पेपर असा घ्यावा ज्यात हजेरी आणि असाइनमेंट वेळेवर दिली की मार्क पडतात. माझ्या भावाने तसंच केलं आणि निवांत राहिला. तत्त्वज्ञानात उत्तरं लांबलचक लिहावी लागतात आणि विज्ञानाच्या मुलांना ती सवय नसते, एवढं लक्षात ठेवा.

अनुमान

मी नोकरीभर तत्त्वज्ञानच शिकवलं, गुजरातेत आणि थोडी वर्षं महाराष्ट्रात. खंड्या म्हणतात ते लांब उत्तरांचं खरं आहे. पण सवय लागावी म्हणूनच तर पहिलं वर्ष असतं.

परिचयाच्या पेपरात थोरामोठ्यांचे विचार पाठ करायचे असतात, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. बरा शिक्षक असेल तर पहिल्या महिन्यात एकच प्रश्न चालतो : तुला हे कशावरून कळलं? देकार्तने १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मध्ये ज्या ज्या गोष्टीवर शंका घेता येईल ती बाजूला काढत काय उरतं ते पाहिलं. ह्यूमने विचारलं की आजवर सूर्य उगवला यावरून उद्या उगवेल हे कोणत्या आधारावर म्हणता? आणि आपल्याकडे फक्त प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांनी त्याच्या कितीतरी आधी अनुमानालाच हात घातला होता. धूर दिसला म्हणून अग्नी आहे म्हणता, पण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे सगळीकडे जाऊन पाहून आलात का?

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, यावरचं उत्तर मी वर्गात नेहमी सावकाश घेत असे. अनुमानाचे पाच अवयव त्यांनी घालून दिले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पण खरी गंमत पुढे आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. ही जी मधली, न सांगितलेली अट, तिला ते 'उपाधी' म्हणतात. तुमचा नियम खरा वाटतो, पण त्याच्या पोटात एक अट लपलेली असते आणि ती सुटली की नियम कोसळतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे एक प्रकरण जरी नीट केलं तरी पेपर घेतल्याचं सार्थक झालं, असं मी मनापासून मानतो.

आणखी एक. पूर्वपक्ष. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडून दाखवायचं आणि मगच खोडायचं. याचा सर्वांत भारदस्त नमुना बडोद्यातून छापला गेलाय : आठव्या शतकातल्या शांतरक्षिताचा 'तत्त्वसंग्रह', कमलशीलाच्या टीकेसह, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२६ साली. ग्रंथकार बौद्ध. २६ 'परीक्षां'मध्ये, म्हणजे प्रकरणांमध्ये, सांख्य, न्याय, मीमांसा, जैन, लोकायत अशा सगळ्यांशी वाद घातलाय, आणि प्रत्येकाचं म्हणणं आधी नीट मांडलंय. काही मतं आज आपल्याला कळतात ती या विरोधकाने ती प्रामाणिकपणे नोंदवली म्हणून.

विश्वामित्री

अनुमान सर, खूप आभार. एक विचारते. शेवटी बरोबर कोण, चार्वाक की नैयायिक, ते सांगतात का? लेकीला उत्तर लागतं. बारावीपर्यंत प्रत्येक गणिताला मागे उत्तर होतं.

अनुमान

शिक्षकाचं मत असतं आणि विचारलं तर त्याने सांगावंही. पण मार्क मताला नसतात, युक्तिवादाला असतात. मी चार्वाकाच्या बाजूने लिहिणाऱ्या मुलीला वर्गात सर्वांत जास्त गुण दिलेत, आणि मी स्वतः त्या बाजूचा नाही.

लंबक

धागा आत्ता पाहिला. मी फिजिक्सच्या लॅबमध्ये शिकवतो, शहराचं नाव राहू दे. सरांच्या उपाधीवरून लिहितोय.

पहिल्या वर्षाला बार पेंड्युलमचं प्रॅक्टिकल असतं. मीटरभर लांबीची धातूची पट्टी, तिला ओळीने भोकं. एकेका भोकातून सुरीच्या धारेवर ती टांगायची, हलवायची, २० आंदोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. मध्यापासूनचं अंतर आणि आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) यांचा आलेख काढला की दोन्ही बाजूंना सारख्या दोन वक्ररेषा येतात. तळाशी आवर्तकाल साधारण १.५३ सेकंद. आडवी रेघ मारायची, छेदबिंदूंवरून लांबी काढायची, सूत्रात घालायची, गुरुत्वीय त्वरण म्हणजे 'जी' मिळतो.

आता काय होतं पाहा. मुलांना पुस्तकातून पाठ असतं, ९.८१. कुणाचं ९.६८ येतं, कुणाचं ९.८९. मग पेन्सिलीने लिहिलेली दोन रीडिंग हळूच पुसली जातात आणि जर्नलमध्ये ९.८१ येतं. सगळ्या बॅचचं ९.८१! पण ९.८१ हे बडोद्याचं मूल्यच नाही. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आणि स्वतःभोवती फिरणारी, त्यामुळे 'जी' विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो. बडोदा सुमारे २२.३ अक्षांशावर, म्हणजे इथे ९.७९ यायला हवं. ९.८१ हे लंडनच्या आसपासचं. ज्या मुलाचं प्रामाणिकपणे ९.७९ आलं, तो ते खोडून चुकीचं लिहितो आणि समाधानाने घरी जातो.

इथेच थांबलो तर निम्मंच झालं. २० आंदोलनांना सुमारे ३०.६ सेकंद लागतात. बटण दाबण्यात सगळी मिळून ०.२ सेकंदाची चूक धरा. आवर्तकालात पाऊण टक्क्याच्या आतबाहेर, आणि 'जी'च्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे दुप्पट, म्हणजे साधारण १.३ टक्के. याचा अर्थ उत्तर ०.१३ ने इकडेतिकडे. त्या स्टॉपवॉचला ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक दिसणंच शक्य नाही. १०० आंदोलनं घेतली तर चूक पाव टक्क्यावर येते, तरी तो फरक नीटसा हाती लागत नाही. तेव्हा खरं उत्तर असं लिहायचं : ९.८, अधिक-वजा ०.१. एवढंच मला माहीत आहे, याहून जास्त नाही.

आणि उपाधी म्हणाल तर ती इथेही आहे. सूत्र लहान कोनासाठी आहे. मुलं पट्टी उत्साहाने २० अंशांपर्यंत ओढतात. तेवढ्याने आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो आणि 'जी' दीड टक्क्याने कमी येतो. नियम बरोबर, अट सुटली. मी 'कोन किती ठेवलास?' विचारलं की गप्प. ज्या मुलीने ओल्या इंधनाचं प्रकरण ऐकलंय ती कदाचित गप्प बसणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट : फिजिक्सवालीने तत्त्वज्ञान घ्यावं.

शेवंती

माझं थोडं वेगळं. आमच्याकडे गौरी-गणपती, देवघर, सगळं व्यवस्थित चालतं. धर्माच्या पेपरात सगळे धर्म एका रांगेत बसवून चिरफाड करतात असं ऐकलंय. अठरा वर्षांच्या पोरांचा त्याने गोंधळ नाही का होत? आणि दुसऱ्या बाजूने, प्रवचनच ऐकायचं तर त्याला कॉलेज कशाला?

कमाटीबाग

शेवंतीताई, मी हा पेपर विद्यार्थी म्हणून केलाय, पुढे एम.ए.ही त्यातच. दोन्ही शंका रास्त आहेत. चांगला पेपर या दोन्हींच्या मधून जातो.

विषय बडोद्याला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोदा कॉलेजात ऑल्बन विजरी तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्माभ्यास शिकवत होते. सयाजीरावांना या अभ्यासाची मनापासून आस्था होती. लोक एकमेकांच्या धर्माविषयी ऐकीव बोलतात, त्यांनी ते नीट जाणून बोलावं, ही त्यामागची धारणा. १९३३ मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेतही ते गेले होते.

पेपरात सुरुवातीला पद्धती येतात. विल्यम जेम्सने एडिंबऱ्यात व्याख्यानं दिली, ती १९०२ मध्ये छापली गेली. त्याचा भर एकट्या माणसाच्या अनुभवावर : भक्ताला आत काय होतं? डर्कहाइमने १९१२ मध्ये उलट बाजूने पाहिलं : माणसं एकत्र येऊन काही गोष्टी पवित्र मानतात, त्यातून समाज कसा उभा राहतो? पंढरीची वारी घेतली तर जेम्स एका वारकऱ्याशी बोलेल, डर्कहाइम दिंडीकडे पाहील. दोघांनाही काहीतरी खरं सापडेल.

आम्हाला एक काम दिलं होतं. आपल्या घरात होत नाही असा एक विधी जाऊन पाहायचा आणि 'चांगलं', 'वाईट', 'अंधश्रद्धा', 'महान' यांतला एकही शब्द न वापरता दोन पानं लिहायची. मी एका देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, गेले. एक आजी पाटावर तांदळाचा साथिया काढत होत्या. आधी स्वस्तिक, त्यावर तीन ढिगल्या, सर्वांत वर चंद्रकोर आणि कोरीत एक टिंब. मी विचारलं तशा हात न थांबवता सांगत गेल्या. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे चार गती : देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नारकी. तीन ढिगल्या म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान, चारित्र्य. कोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जीवांचं स्थान, टिंब म्हणजे मुक्त झालेला जीव. मूठभर तांदळात जन्ममरणापासून मोक्षापर्यंत सगळं मांडून झालं, आणि मग त्यांनी माळ घेतली. मी बडोद्यात जन्मले, शेजारी जैन, आणि तोवर तो साथिया मला नुसती रांगोळी वाटायचा.

श्रद्धा गेली का? माझी नाही गेली. वर्गात एकाची गेली, एकाची वाढली. शिक्षकांनी कोणाला कुठे ढकललं नाही, हे मी खात्रीने सांगते. मात्र शिक्षक प्रचारकी निघाला, कुठल्याही बाजूचा, तर पेपर वाया जातो. आधीच्या बॅचला विचारून घ्या.

ऊर्जा_तरंग

इतकी चर्चा झाली पण मुख्य मुद्दा राहिला. दोन्ही विषय वेगळे आहेतच कुठे? क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय की निरीक्षकाशिवाय वास्तव नाही. वेदांत हेच सांगतो. क्वांटमचं समीकरण मांडणारा श्रोडिंगर स्वतः उपनिषदं वाचत असे. मुलीला हे एकत्रच शिकवायला हवं, वेगवेगळ्या पेपरांत तोडून नव्हे.

लंबक

ऊर्जाजी, श्रोडिंगर वेदांत वाचत होता आणि त्याविषयी आदराने लिहितही होता, हे अगदी खरं. पण त्याचं १९२६ चं समीकरण स्वीकारलं गेलं त्याचं कारण ते नव्हे. हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा त्यातून अचूक निघाल्या. लाल रेषा ६५६ नॅनोमीटरवर. आमच्या लॅबमध्ये हायड्रोजनची नळी आणि ग्रेटिंग आहे, कुठल्याही धर्माची, कुठल्याही देशाची मुलगी आली तरी तिला ती रेषा तिथेच दिसते. समीकरण त्या रेषेवर तोललं गेलं.

आणि 'निरीक्षक' म्हणजे जाणीव असलेला माणूस, हे फिजिक्सने सिद्ध केलेलं नाही. दोन फटींच्या प्रयोगात कण कुठल्या फटीतून गेला याची नोंद यंत्रात झाली की पडद्यावर एरवी दिसणारे पट्टे जातात. ती नोंद कुणी वाचो वा न वाचो. मोजमापाचा अर्थ काय यावर भौतिकशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत, आणि तिथे तत्त्वज्ञांची मदत लागते. पण मतभेद आहेत म्हणून आपलं आवडतं उत्तर तिथे बसवता येत नाही.

अनुमान

लंबक यांच्याशी पूर्ण सहमत, आणि हे मी वेदांतावरच्या प्रेमापोटी म्हणतोय. शंकराचार्यांना ब्रह्मज्ञानासाठी श्रुतीचं, म्हणजे वेद-उपनिषदांचं, प्रमाण हवं, आणि त्याची परिणती अनुभवात. वर्णपटाच्या रेषेवर त्यांनी काहीच टेकवलेलं नाही. उद्या क्वांटम सिद्धांत बदलला तर अद्वैत पडणार का? नाही ना? मग आज त्याच्या आधाराने ते उभं कशाला करायचं? याने वेदांत दुबळा होतो.

विश्वामित्रीताई, या सगळ्यातून तुमच्या कामाचं एवढंच घ्या. फिजिक्सच्या वर्गात तिला मोजून दाखवावं लागेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात युक्तिवाद शेवटपर्यंत न्यावा लागेल. धर्माच्या वर्गात, माणसं जे करतात ते त्यांना जसं कळतं तसं समजून घ्यावं लागेल. एकाचा पुरावा दुसरीकडे चालवायला गेलं की दोन्हीकडे नापास. तिन्ही जणी एका डोक्यात सुखाने राहू शकतात, पण प्रत्येकीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. क्वांटम आणि वेदांत एक आहेत असं पहिल्या तासाला सांगणारा शिक्षक मिळाला, फिजिक्सचा असो की धर्माचा, तर मी तरी त्या वर्गात मुलीला बसवणार नाही.

ऊर्जा_तरंग

मला पटलं नाही. विज्ञान आज जिथे आहे तिथेच थांबणार नाही. पण तुम्ही शांतपणे लिहिलंत, धन्यवाद.

रावपुरा_रहिवासी

फिजिक्स, तत्त्वज्ञान आणि धर्म हे तिघं कधी खरोखरच एका टेबलाशी बसले होते का, असं कुणी विचारलं तर एक प्रसंग आहे. न्यूटनने लिहून ठेवलं होतं की ग्रहांच्या गतीत साठत जाणारा विस्कळीतपणा एक दिवस दुरुस्त करावा लागेल. लाइबनित्सने वेल्सच्या राजकन्येला, कॅरोलाइनला, पत्र लिहून आक्षेप घेतला : म्हणजे तुमच्या देवाला आपलं घड्याळ मधूनमधून किल्ली देऊन नीट करावं लागतं की काय? न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क या धर्मोपदेशकाने उत्तर दिलं. १७१५-१६ मध्ये दोघांची पाच-पाच पत्रं झाली, अवकाश आणि काळ खरे आहेत की नुसते वस्तूंमधले संबंध, इथपर्यंत वाद पोचला आणि लाइबनित्सच्या मृत्यूने थांबला. पत्रं छोटी आहेत. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला अर्धी तरी नक्की झेपतील. अनुमान सरांचं म्हणणं मला मान्य आहे, पण हिशेब वेगळे ठेवले तरी एकमेकींशी बोलणं थांबवू नये.

खंड्या

वाचतोय सगळं. माझा मार्कांचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण बार पेंड्युलमचं भावाला वाचून दाखवलं. नोकरीचं काय पण? विश्वामित्रीताईंचे मिस्टर तेच विचारत असणार.

कमाटीबाग

पायथन तर फिजिक्सवालीला शिकावंच लागेल, आलेख काढायला तरी. त्यासाठी पेपर अडवायची गरज नाही. मुख्य विषयाबाहेर जाऊन बसण्याचं मोठं उदाहरण बडोद्याच्या पैशांवरच घडलंय. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते अर्थशास्त्रासाठी, पण जॉन ड्यूईच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसले. त्याचा ठसा त्यांच्या लिखाणावर शेवटपर्यंत दिसतो.

विश्वामित्री

सगळं रात्री मोठ्याने वाचलं. सासऱ्यांना साथियाचं फार आवडलं. नवऱ्याने फक्त 'इथे ९.७९ असतं?' एवढंच विचारलं आणि गुगल करत बसले.

लेकीच्या दोन शंका. एक, वर्ग इंग्रजीत आणि ती बोलते मराठी-गुजराती मिसळून, तर मराठीत आधाराला काय वाचावं? दोन, एक घेतला तर दुसरा कायमचा गेला का?

अनुमान

दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' आहे, १९७४ चा, तीन खंड. सलग वाचायचा नसतो. वर्गात 'उपाधी' किंवा 'ह्यूम' आलं की घरी येऊन ती नोंद काढायची. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं भरपूर आहेत, तिथे चौकशी करा. नोट्स मात्र तिने मराठीत काढून पाहाव्यात. आपल्या भाषेत युक्तिवाद मांडता आला नाही तर तो कळलेला नसतो.

लंबक

दुसऱ्या शंकेचं : यूजीसीच्या आराखड्यात मुख्य विषयाबाहेरचे असे तीन परिचयाचे पेपर आहेत, प्रत्येकी ३ क्रेडिट, एकूण ९, पहिल्या तीन सत्रांत वाटलेले. म्हणजे दोन्ही घेता येतील आणि वर पायथनलाही जागा उरेल. फक्त पुढच्या सत्रात तोच पेपर कॉलेज चालवणार आहे ना, हे ऑफिसात विचारून घ्या. मी सांगेन आधी तत्त्वज्ञान, कारण बार पेंड्युलम पहिल्याच सत्रात येतो.

विश्वामित्री

हे तर कुणी सांगितलंच नव्हतं! मग ठरलं, आत्ता तत्त्वज्ञान, पुढच्या सत्रात धर्म. आज चौकशीला गेलो तर तत्त्वज्ञानाचा तास मंगळवारी दुपारी, आणि त्याच वेळी फिजिक्सची प्रॅक्टिकल बॅच. यावर काही करता येतं का?

लंबक

येतं. पहिल्या आठवड्यात बॅचेस पक्क्या झालेल्या नसतात. लॅबच्या प्रमुखांच्या नावे साधा अर्ज, दोन्ही टाइमटेबलं जोडून, आणि गुरुवारच्या बॅचमधली कुणी अदलाबदलीला तयार असेल तर तिची सही. फॉर्म भरायच्या आधी द्या, नंतर जर्नल नंबर पडले की कुणी हलवत नाही.